महसुलाची वही आणि मालकीचा हक्क : रायपूरच्या निमित्ताने

गेल्या काही वर्षांत नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूच्या अनेक परिचितांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "रायपूरला एखादा प्लॉट घेऊन ठेवावा का?" प्रश्न स्वाभाविक आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले आणि एका मध्यम आकाराच्या जिल्ह्याच्या गावाचे पाहता पाहता महानगर होऊ लागले. नागपूरहून रेल्वेने काही तासांचा प्रवास, शिवाय तात्यापारा, लाखेनगर अशा वस्त्यांतून पिढ्यान् पिढ्या राहिलेला मराठी समाज. त्यामुळे मराठी माणसाला हे शहर परके वाटत नाही. मात्र विचारणाऱ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : भाव काय चालला आहे, रस्ता रुंद होणार का, विमानतळ किती लांब. ज्या जमिनीवर आयुष्याची पुंजी लावायची, तिला काही पूर्वेतिहास असेल, हे त्यांच्या गावीही नसते.

महसूल प्रशासनात वावरताना माझे एक मत पक्के होत गेले, ते सुरुवातीलाच मांडतो. आपल्या देशातील जमिनीची दफ्तरे मालकाचा हक्क शाबीत करण्यासाठी निर्माण झालेली नाहीत. ती सारा कोणाकडून वसूल करायचा, हे ठरवण्यासाठी निर्माण झाली. मालकीची हमी देणारी वही या देशात सरकारने सहसा कधी ठेवलीच नाही. महसुलाच्या वहीलाच आपण मालकीची सनद समजत आलो, आणि जमीनखरेदीतील बहुतेक फसगती या एका समजातून उगवतात. रायपूरपुरते बोलायचे तर येथे दोन-अडीचशे वर्षांत राजवटी बदलल्या, कायदे बदलले, पण प्रत्येक राजवट आपले काही शब्द दफ्तरात मागे ठेवून गेली. ते शब्द आजही खसऱ्याच्या रकान्यांत सापडतात. शब्दाचा इतिहास कळला, की त्यामागचा धोकाही कळतो. म्हणून आधी इतिहास आणि मग व्यवहार, असा क्रम मी ठेवणार आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरल्या आणि रतनपूरच्या हैहयवंशी राजाची सत्ता मोडली. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून कारभार पाहिला. त्यांच्यानंतर नागपूरहून नेमलेले सुभेदार आले, परगणे पडले, कमाविसदार आले. गावाचा सारा गावप्रमुखाकडून, म्हणजे येथील भाषेत 'गौंटिया'कडून, घेतला जाई. गौंटिया हा गावाचा मालक नव्हता. सरकारात ठरलेली रक्कम भरण्याची जबाबदारी त्याची, त्याबदल्यात घरची शेती आणि मानपान त्याचा, आणि रक्कम थकली की गाव दुसऱ्याच्या हाती. अनेक गावांत 'लाखाबाटा' नावाची प्रथा होती. ठरावीक वर्षांनी गावातली शेते कुळांमध्ये नव्याने वाटली जात, म्हणजे सुपीक कन्हार आणि हलकी भाठा जमीन कोणा एकाच्या वाट्याला कायमची येऊ नये. जिथे शेतच फिरते असते, तिथे 'माझ्या मालकीचा तुकडा' ही कल्पना रुजणार कशी? इंग्रज अंमलदारांना ही पद्धत गोंधळाची वाटली. गावाला मात्र तीत एक प्रकारचा न्याय दिसत असे.

१८१८ मध्ये भोसल्यांचा पराभव झाल्यावर अल्पवयीन राजाच्या नावाने इंग्रज अधिकारी कारभार पाहू लागले. त्याच वर्षी कॅप्टन ॲग्न्यू यांनी छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. रायपूरचे प्रशासकीय महत्त्व तेव्हापासूनचे. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे गेला, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला.

यानंतर जे घडले ते जमिनीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. १८६० च्या दशकातील जमाबंदीत इंग्रज सरकारने कालपर्यंत केवळ वसुली करणाऱ्या गौंटियाला, पाटलाला आणि ठेकेदाराला गावाचा मालक, म्हणजे 'मालगुजार' म्हणून मान्यता दिली. रायपूर जिल्ह्याचा ह्यूएट यांचा जमाबंदी अहवाल १८६९ चा आहे. लेखणीच्या एका फटकाऱ्याने मालकी जन्माला आली. ज्या जुन्या कुळांचा हक्क नाकारता येईना, त्यांना त्यांच्या तुकड्यापुरते मालक ठरवले गेले. त्यांचे नाव 'मालिक मकबूजा'. मालगुजाराच्या घरच्या शेतीला 'सीर' आणि 'खुदकाश्त' म्हटले गेले. बाकीचे मौरूसी किंवा साधे काश्तकार झाले. गावकऱ्यांच्या सरपण, चराई आणि पाण्याच्या हक्कांना 'निस्तार' हे नाव मिळाले आणि गावच्या चालीरीतींची नोंद 'वाजिब-उल-अर्ज' या दफ्तरात झाली. पूर्व विदर्भातील वाचकांना हे शब्द नवे नाहीत, कारण तो भाग आणि छत्तीसगड १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. पश्चिम महाराष्ट्रात रयतवारी होती, तेथील माणसाला मात्र हे सारे अनोळखी वाटते. म्हणूनच पुण्याचा खरेदीदार सातबाऱ्याच्या सवयीने रायपूरचा कागद वाचतो आणि तिथेच चुकतो.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने १९५० मध्ये मालकी हक्क संपुष्टात आणणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. गाव, पडीक जमीन, जंगल, बाजार, तलाव हे सरकारजमा झाले. मालगुजाराकडे राहिली ती सीर-खुदकाश्तीची घरची शेती आणि घरवाडा. २ ऑक्टोबर १९५९ पासून भू-राजस्व संहिता लागू झाली आणि वेगवेगळ्या नावांचे खातेदार 'भूमिस्वामी' या एका नावाखाली आले. तीच संहिता आज छत्तीसगडची म्हणून चालते.

आता व्यवहाराकडे वळू. मालगुजारी संपल्याला सात दशके उलटली तरी मालगुजारांचे वारस, आणि त्यांच्या मुखत्यारपत्रावर वावरणारे दलाल, 'आमच्या आजोबांचे गाव होते' या भांडवलावर जमिनी दाखवत असतात. गाव आजोबांचे असेलही. प्रश्न एवढाच आहे, की दाखवला जाणारा तुकडा १९५१ मध्ये सीर-खुदकाश्तीत होता, की सरकारजमा झाला? त्याचे उत्तर आजच्या संगणकीय उताऱ्यात मिळत नाही. त्यासाठी १९५० च्या दशकातील अधिकार अभिलेख आणि त्याआधीचा बंदोबस्ताचा मिसल यांची प्रमाणित प्रत जिल्ह्याच्या अभिलेखागारातून काढावी लागते. हा खर्च थोडा असतो आणि वेळ मात्र बराच लागतो. माणूस भाव वाढेल या घाईत असतो, म्हणून हे काम टाळले जाते.

तलावांची गोष्ट याहून गंभीर. रायपूर हे मुळात तलावांचे शहर. बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही नावे अजून जिभेवर आहेत, कित्येक लहान तलाव आणि डबऱ्या मात्र बुजून गेल्या. संहितेच्या कलम २५१ नुसार असे तलाव राज्य शासनाकडे निहित झाले. ज्या पाण्यावर गावाचा निस्तार चालत होता, ते पाणी विकण्याचा अधिकार कोणाला उरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी प्रकरणात २००१ मध्ये तलावांच्या वाटपाला आणि जगपाल सिंह प्रकरणात २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनीवरील कब्ज्याला जी कठोर भूमिका घेतली, तिच्यामुळे 'वीस वर्षे घर उभे आहे' हा बचाव कमकुवत झाला आहे. म्हणून रायपुरात वस्तीचे नाव नीट ऐकावे. नावात 'बांधा', 'तालाब', 'डबरी' असेल तर जुना नकाशा काढून पाहावा. 'भाठा' असेल तर ती मुरमाड माळरानाची जमीन, पायाला चांगली, पण पूर्वी चराईची होती का ते तपासावे. 'कन्हार' म्हणजे भारी काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिथे पाया खोल आणि विचारपूर्वक घ्यावा लागतो, आणि घराच्या अंदाजपत्रकात ते आधीच धरावे लागते. जुन्या लोकांनी नावांतच भूगर्भाची नोंद करून ठेवली आहे.

आणखी तीन प्रकारच्या जमिनींविषयी सावध केले पाहिजे.

पहिली आदिवासींची जमीन. रायपूर शहराचा परिसर अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून येथे कोणतीही जमीन घेता येते असा समज आहे. तो खरा नाही. संहितेच्या कलम १६५(६) नुसार अनुसूचित क्षेत्राबाहेरही आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शिवाय १९८० मध्ये आलेले कलम १७०-ब मागे जाऊन पाहते. २ ऑक्टोबर १९५९ ते २४ ऑक्टोबर १९८० या काळात आदिवासीकडून हस्तांतरित झालेल्या जमिनीची माहिती धारकाने स्वतः देणे बंधनकारक होते, आणि ती न दिल्यास किंवा व्यवहार अप्रामाणिक ठरल्यास जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. म्हणजे आज तुम्ही ज्याच्याकडून घेता, त्याच्या आधीच्या तिसऱ्या-चौथ्या मालकाची जातही तुमच्या हक्कावर परिणाम करते. या तरतुदी जाचक आहेत अशी तक्रार मी अनेकदा ऐकली. पण बस्तरमध्ये मालिक मकबूजा जमिनींवरील सागवान आदिवासींकडून कवडीमोलाने उचलले गेले आणि १९९० च्या दशकात ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, ही आठवण ठेवली म्हणजे तरतुदींचे कारण समजते.

दुसरी देवस्थानची जमीन. भोसल्यांच्या काळापासून रायपूर आणि परिसरातील मठ-मंदिरांना गावे आणि शेते दिली गेली. अशा जमिनीचा मालक देव असतो, पुजारी किंवा महंत हा व्यवस्थापक असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केले. व्यवस्थापकाच्या सहीने घेतलेली देवस्थानची जमीन म्हणजे कोर्टाची पायरी.

तिसरी सेवाभूमी. कोटवाराला त्याच्या चाकरीबद्दल दिलेली जमीन ही चाकरीशी बांधलेली असते. महाराष्ट्रात महार वतन आणि इतर वतनी जमिनींच्या व्यवहारांनी किती गुंतागुंत केली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको.

शहराच्या मध्यभागी वेगळाच शब्द भेटतो : 'नझूल'. रायपूर नगरपालिका १८६७ ची. रेल्वे आली, धानाचा आणि कापडाचा व्यापार वाढला, आणि सरकारी मालकीची जमीन घरांसाठी, दुकानांसाठी, संस्थांसाठी भाडेपट्ट्याने दिली गेली, साधारणपणे तीस वर्षांच्या मुदतीने. पट्टेदार इमारतीचा मालक, जमीन सरकारची. तीन पिढ्या एकाच घरात राहिल्यावर हा भेद कुटुंब विसरते, दफ्तर विसरत नाही. पट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे का, भूभाटक भरलेले आहे का, आणि मुख्य म्हणजे पट्टा कोणत्या प्रयोजनासाठी दिला होता, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय नझूल जागेतील घर किंवा दुकान घेऊ नये. निवासी पट्ट्यावर दुकाने काढणे ही शर्तभंगाची बाब आहे. २०१९ नंतर शासनाने नझूल पट्टे फ्रीहोल्ड करून देण्याचे आणि अतिक्रमित शासकीय जमिनी रक्कम घेऊन नियमित करण्याचे धोरण आणले. २०२४ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने ती परिपत्रके रद्द केली. 'पुढे फ्रीहोल्ड होईलच' या आशेवर आज जास्त किंमत मोजणे म्हणजे पुढच्या सरकारच्या मनातले ओळखण्याचा दावा करणे होय.

आता राजधानीनंतरच्या काळाकडे येऊ. मराठीत आपण शेतजमिनीला 'काळी' आणि वस्तीला 'पांढरी' म्हणतो. काळीची पांढरी होणे, म्हणजेच शेताचे घरात रूपांतर होणे, हा गेल्या पंचवीस वर्षांतील रायपूरचा खरा इतिहास. कायद्याने त्यासाठी कलम १७२ ची 'डायवर्सन'ची वाट आहे, म्हणजे आपल्याकडचे बिनशेती. त्याआधी नगर व ग्राम निवेश अधिनियम, १९७३ खालील विकास आराखड्यात ती जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे हे पाहायचे असते. पटवाऱ्याच्या कागदावर उत्तम शेत असले आणि आराखड्यात त्यावरून साठ फुटी रस्ता किंवा उद्यान जात असले, तर घर बांधता येत नाही. सरळ वाट लांबची, म्हणून आडवाट रूढ झाली : शेतजमीन विकत घ्यायची, चुन्याने रेषा मारायच्या, आणि दीड-दीड हजार चौरस फुटांचे तुकडे शेत म्हणूनच विकून टाकायचे.

माझ्यापुढे चाललेली एक सुनावणी या संदर्भात सांगण्याजोगी आहे. एकाच खसऱ्यातून चाळीसच्या आसपास खरेदीखते झाली होती. प्रत्येकात चतुःसीमा लिहिलेली, प्रत्येक दस्त नोंदवलेला, मुद्रांक शुल्क पूर्ण भरलेले. खरेदीदारांत शिक्षक, रेल्वे कर्मचारी, एक विधवा शिवणकाम करणारी बाई. सर्व क्षेत्रांची बेरीज केली तेव्हा ती मूळ खसऱ्याच्या क्षेत्रापेक्षा अधिक भरली, आणि रस्त्यासाठी विक्रेत्याने एक फूटही सोडलेला नव्हता. नकाशावर कोणाचाच तुकडा वेगळा पडलेला नव्हता. त्या बाईंनी विचारले, "साहेब, सरकारच्या शिक्क्याचा कागद आहे, मग माझी जमीन कुठे आहे ते सरकार का दाखवत नाही?" कायद्याचे उत्तर मला ठाऊक होते आणि मी ते त्यांना समजावूनही दिले. पण प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्या कागदात नसून नकाशात होते.

मध्य प्रांतात गावनकाशे सोळा इंच म्हणजे एक मैल या प्रमाणात तयार झाले, पुढे दशमान पद्धतीत ते साधारण एकास चार हजार झाले. या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारे चार मीटर. तीस फूट बाय पन्नास फुटांचा प्लॉट नकाशावर सव्वादोन बाय पावणेचार मिलिमीटरचा होतो, म्हणजे साळीच्या दाण्याहूनही आखूड. पटवाऱ्याच्या पेन्सिलीची रेषा जाड आली तरी दोन-चार फूट इकडचे तिकडे. हा नकाशा शेतासाठी काढलेला होता, घरासाठी नव्हे. सारा ठरवायला तो पुरेसा होता, कुंपण घालायला अपुरा आहे. पाच डिसमिलचा वाद याच कारणाने समजून घेतला पाहिजे. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. पाच डिसमिल म्हणजे २,१७८ चौरस फूट. त्याहून लहान तुकड्यांच्या खरेदीवर आधी बंदी होती, २०१९ च्या आरंभी ती उठली, गरिबाला लहान प्लॉट मिळावा हा हेतू सांगितला गेला, आणि अवैध प्लॉटिंगला ऊत आला. २०२५ मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन शेतजमिनीचे पाच डिसमिलपेक्षा लहान तुकडे पाडण्यास पुन्हा मनाई झाली. महाराष्ट्रात १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याभोवती हेच नाट्य कितीदा रंगले आहे! मधल्या सहा वर्षांत ज्यांनी असे तुकडे घेतले त्यांच्याकडून दुसऱ्यांदा खरेदी करणाऱ्याने नकाशावरील स्वतंत्र बटांकन आणि प्रत्यक्ष सीमांकन झाल्याखेरीज पैसे देऊ नयेत. अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा २००२ चा कायदा आहे, पण त्याने बांधकाम नियमित होते. विक्रेत्याचा हक्क मुळात नसेल तर तो त्याने निर्माण होत नाही.

नवा रायपूरची बाब निराळी. जुन्या शहराच्या आग्नेयेस नव्याने वसवलेल्या या राजधानीत मंत्रालय २०१२ मध्ये हलले, २०१८ मध्ये तिला अटल नगर हे नाव जोडले गेले. तेथे जमीन प्राधिकरणाने संपादित करून योजनेनुसार दिलेली असते, म्हणून हक्काच्या इतिहासाचा त्रास कमी. मात्र वाटपाच्या अटी, बांधकामाची मुदत, हस्तांतरणाची परवानगी यांचे बंधन अधिक. तेथे खरेदीखताच्या आधी वाटपपत्र वाचावे. दुसरा मुद्दा धीराचा. सरकारी इमारती आज्ञेने हलतात, माणसे आणि बाजारपेठ आज्ञेने हलत नाहीत. दहा वर्षे थांबण्याची ऐपत असलेल्याने अशा ठिकाणी गुंतवावे, मुलीच्या लग्नासाठी चार वर्षांत पैसे लागणाऱ्याने नव्हे.

फ्लॅट आणि दुकान घेणाऱ्यांसाठी थोडेसे. २०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण अंमलात आला. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक घरांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे, आणि पाडलेल्या प्लॉटांच्या ले-आऊटलाही ती लागू आहे. लेखी नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतील सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा ठरल्या वेळी न मिळाल्यास व्याजासह परतावा मागता येतो. बिल्डरच्या जाहिरातीतील क्षेत्रफळ न पाहता कायद्याने व्याख्या केलेले चटई क्षेत्र पाहावे. दुकानाच्या बाबतीत आणखी तीन चौकशा : मंजूर नकाशात ती जागा व्यापारी वापराचीच आहे की वाहनतळाची, अग्निशमनाचा दाखला आहे का, आणि आत भाडेकरू असल्यास त्याचा करार काय आहे. २०११ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकाला पूर्वीपेक्षा सोपी वाट दिली असली, तरी भाडेकरूसह घेतलेले दुकान म्हणजे एक चालू नाते विकत घेणे असते. घरात माणूस स्वतः राहतो, म्हणून थोडी उणीव खपवून घेतो. व्यापारी जागेत भाडेकरूच्या वकिलाला आणि बँकेलाही ती उणीव दिसते, तेव्हा तिथे कागद अधिक कडक हवा.

या सर्व प्रकरणांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याचा हक्क तपासण्याचे काम त्या कायद्याने त्याच्यावर टाकलेले नाही. नामांतरण, म्हणजे आपला फेरफार, झाला तरी त्याने मालकी सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकवार सांगितले आहे. संहितेचे कलम ११७ खसऱ्यातील नोंदींना 'खोटे ठरेपर्यंत खऱ्या' एवढाच मान देते. मुखत्यारपत्रावरील विक्रीने मालकी मिळत नाही, हे २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने पक्के केले. म्हणजे नोंदणीचा शिक्का, पटवाऱ्याची नोंद आणि ताबा ही तिन्ही मिळूनही हक्काची खात्री देत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये अशी पद्धत आणली, की सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि चूक झाली तर भरपाई सरकार देईल. त्याच दशकात इंग्रज आपल्याकडे मात्र सारा कोण भरणार एवढीच वही लिहीत बसले होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. द. चं. वाधवा यांनी १९८९ मध्ये नियोजन आयोगाला दिलेल्या अहवालात हमीची मालकी आणण्याची शिफारस केली. त्यानंतर दफ्तरे संगणकावर चढली, छत्तीसगडात 'भुइयां' या प्रणालीवर खसरा आणि बी-१ घरबसल्या दिसू लागले, आणि २०२५ मध्ये खरेदीखत नोंदवताच नामांतरण होण्याची सोय झाली. ही सोय स्तुत्य आहे. तहसील कार्यालयातील हेलपाटे आणि त्यातली देवघेव तिने कमी होईल. पण एक भीती वाटते. पूर्वी नामांतरणाच्या वेळी जाहीर नोटीस निघे, भाऊबंद हरकत घेत, आणि चुकीचा व्यवहार कधीकधी तिथे अडे. आता ती चाळणी खरेदीदाराने स्वतः, सहीच्या आधी, लावली पाहिजे.

ती चाळणी थोडक्यात अशी :

१. गेल्या तीस वर्षांची दस्तांची साखळी आणि १९५० च्या दशकातील मूळ अभिलेख, दोन्हींच्या प्रमाणित प्रती काढाव्यात. संकेतस्थळावरील उतारा ही फक्त सुरुवात.

२. विक्रेत्याचे सर्व वारस, मुलींसह, सहीला आहेत का ते पाहावे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने वाटा आहे.

३. राजस्व निरीक्षकाकडून सीमांकन करून घ्यावे आणि शेजाऱ्यांसमक्ष पंचनामा व्हावा. ते झाल्यावरच उरलेले पैसे द्यावेत.

४. विकास आराखड्यातील वापर, डायवर्सनचा आदेश आणि रस्त्याची मालकी हे तीन कागद एकत्र ठेवून वाचावेत.

५. आदिवासी, देवस्थान, सेवाभूमी, नझूल, तलाव, निस्तार यांपैकी एकही शब्द कुठल्याही जुन्या कागदावर दिसला तर तिथेच थांबून वकील गाठावा.

६. शासकीय मार्गदर्शक दरापेक्षा कमी किंमत दाखवण्याचा मोह टाळावा. छत्तीसगडात २०१९ पासून मार्च २०२४ पर्यंत हे दर तीस टक्क्यांनी उतरवलेले होते. तेव्हा मुद्रांक शुल्क वाचले म्हणून लोक खूश झाले, पण ज्यांची जमीन पुढे रस्त्यासाठी संपादित झाली, त्यांची भरपाई त्याच उतरलेल्या दरांच्या आधारे मोजली जाण्याची वेळ आली.

खरेदीदाराला इतके सारे सांगताना प्रशासक म्हणून मला संकोच वाटतो. ज्या तपासणीची यादी वर दिली, ती करण्याची साधने बहुतांशी सरकारच्याच कपाटात आहेत. अभिलेखागारातला मिसल, निस्तार पत्रक, १९५१ ची सरकारजमा जमिनींची यादी, आदिवासी खातेदारांची नोंद, हे सारे एका खसरा क्रमांकाखाली एकत्र दिसावे, एवढे काम जरी झाले तरी निम्म्या फसगती टळतील. हमीची मालकी जेव्हा येईल तेव्हा येवो. तोवर सरकारने निदान आपल्याजवळ असलेली माहिती लपून राहू देऊ नये. तलाव सरकारचा आहे हे सरकारला १९५१ पासून ठाऊक आहे. घर बांधून झाल्यावर ते त्या शिवणकाम करणाऱ्या बाईसारख्या माणसाला नोटिशीतून कळावे, ही कारभाराची रीत नव्हे.